गाणी लिहिली गेली, बसवली गेली नाहीत: 'येस'च्या 'हेवन अँड अर्थ'बद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गेलं वर्षभर तुम्ही 'येस' हा ब्रिटिश रॉक बँड ऐकताय. १९७२ च्या 'क्लोज टू द एज'नं वेड लावलं, म्हणून बँडचा बासवादक ख्रिस स्क्वायर याचा शेवटचा अल्बम, २०१४ सालचा 'हेवन अँड अर्थ', हौसेनं विकत घेतलात. चार वेळा नीट बसून ऐकलात आणि हाती काहीच लागलं नाही. दोष माझ्या कानांचा की अल्बमचा, आणि अजून वेळ द्यावा का, असं तुम्ही विचारताय.

कानांचा दोष नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण तुमच्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि खरी अडचण तिथे आहे. प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे 'येस'सारखं लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक, ऐकायला लागलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून सांगितलं जातं की हे संगीत एका बैठकीत कळत नाही. दहा वेळा ऐक, मग उलगडेल. ते बरंचसं खरंही आहे. त्यामुळे एखादा अल्बम भिडला नाही की ऐकणारा स्वतःवरच संशय घेऊ लागतो. अवघड अल्बम आणि कच्चा अल्बम यांतला फरक ओळखायचा कसा, हे तुम्हाला विचारायचंय असं धरून मी लिहितो.

मी पुण्यात सत्तावीस वर्षं ध्वनिमुद्रण करतोय. त्याआधी कॉलेजच्या बँडमध्ये बास वाजवायचो आणि स्क्वायर हा माझा गुरू होता, कॅसेटमधून शिकवणारा. त्यामुळे या अल्बमबद्दल मी तटस्थ नाही. जुलै २०१४ मध्ये तो आला आणि पुढच्याच वर्षी २७ जूनला स्क्वायर ल्युकेमियानं गेला. माणूस गेल्यावर त्याच्या शेवटच्या कामाला उणं म्हणायला जीभ रेटत नाही. पण तुम्ही सरळ विचारलंत, तेव्हा सरळच उत्तर द्यायला हवं.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्ही कशावर ऐकता ही पहिली. फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल तर बास आणि खालच्या पट्टीतली गायनाची साथ जवळजवळ नाहीशीच होते, आणि या अल्बममधलं निम्मं चांगलं तिथेच आहे. दुसरी गोष्ट, तुम्ही कुठल्या दारानं 'येस'मध्ये शिरलात. १९८३ च्या '९०१२५' पासून सुरुवात करणाऱ्याला 'हेवन अँड अर्थ' एवढा खटकत नाही, कारण चार-पाच मिनिटांची, सुरेल, सोपी गाणी त्याला परकी वाटत नाहीत. तुम्ही थेट १९७२ मधून २०१४ मध्ये उडी मारलीत. ही उडी कुणालाही जड जाईल.

आता फरक कसा ओळखायचा ते. माझ्याकडे नवा बँड कच्चं रेकॉर्डिंग घेऊन आला की पहिल्यांदा मी नुसतं ऐकतो. दुसऱ्यांदा एकच वाद्य धरतो आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच्या मागोमाग जातो, बाकीच्यांकडे मुद्दाम दुर्लक्ष करून. तिसऱ्यांदा दुसरं वाद्य. अवघड पण भरीव संगीतात प्रत्येक फेरीला वेगळी गोष्ट ऐकू येते. 'क्लोज टू द एज'चा पहिला तुकडा, सुमारे १९ मिनिटांचा, फक्त बास धरून ऐका. कडव्यांच्या खाली स्क्वायर सुटे सुटे, गाण्याला आडवे जाणारे आघात देतो. मध्येच गप्प बसतो आणि तुम्ही विसरलात की वर उसळी मारतो. नंतर तोच तुकडा बिल ब्रुफर्डचे ड्रम धरून ऐका, जणू दुसरंच गाणं लावलंय. १९७३ च्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'वर तेव्हा किती टीका झाली! दोन तबकड्यांच्या चार बाजू आणि चार तुकडे, खुद्द कीबोर्डवादक रिक वेकमनला तो अल्बम पटला नाही आणि दौऱ्यानंतर त्यानं बँड सोडला. तरी या कसोटीवर तो उतरतो. पसरट आहे, पण पोकळ नाही. त्याला मी आनंदानं दहा वेळा वेळ देईन.

'हेवन अँड अर्थ'ला हीच कसोटी लावून पाहा. आठ गाणी, सुमारे ५१ मिनिटं. 'द गेम'मध्ये बास धरा, 'टू असेंड'मध्ये ड्रम धरा, 'बिलीव्ह अगेन'मध्ये गिटार. दोनतीन ठिकाणं सोडली तर वाद्यं गायकाला धरून चालतात, त्याच्या सुरावटीला टेकू देतात आणि कडवं संपायची वाट पाहतात. पहिल्या ऐकण्यात जे मिळालं तेवढंच चौथ्यात मिळतं. चार वेळा ऐकून तुम्हाला जे जाणवलं ते हेच.

बहुतेक लोक इथे म्हणतात, 'फार संथ आहे अल्बम.' खरं आहे, पण संथ हा दोष कधीपासून झाला? आपल्याकडे विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. विलंबितात दोन मात्रांमधली जागा गायक भरून काढतो, त्या जागेतच राग उभा राहतो आणि समेवर येण्याची ओढ क्षणभरही सुटत नाही. रेंगाळणं वेगळं. मध्य लयीची बंदिश कुणी हात सैल सोडून म्हटली की ती विलंबित होत नाही, ती रेंगाळते. 'बिलीव्ह अगेन' आणि 'द गेम' ही मुळात मध्य लयीची गाणी आहेत, उडती म्हणावीत अशी, आणि ती किंचित खालच्या लयीत धरली गेलीत. मी एकदा स्टुडिओत 'द गेम' संगणकावर पाच-सहा टक्क्यांनी जलद करून ऐकलं, सूर न बदलता. गाणं अंग झटकून उठलं. पण जागा तेवढ्याच रिकाम्या राहिल्या. तेव्हा माझी खात्री झाली की लय हे लक्षण आहे, दुखणं आणखी आत आहे.

दुखणं काय ते सांगतो. आपल्याकडे वादक 'गाणं बसवणं' म्हणतात. चाल तयार असते, शब्द तयार असतात, तरी गाणं बसलेलं नसतं. चार माणसं एका खोलीत बसून, भांडून, एकमेकांचं तोडून-जोडून ते बसवतात. 'येस' हा बँड मोठा झाला तो या कामावर. १९७१ च्या 'द येस अल्बम'मधलं 'स्टारशिप ट्रूपर' घ्या. त्याचे तीन भाग तीन माणसांचे आहेत: पहिला तेव्हाचा गायक जॉन अँडरसनचा, मधला स्क्वायरचा, शेवटचा 'वुर्म' हा गिटारवादक स्टीव्ह हाउचा. मधल्या भागाचं मूळ स्क्वायरच्या जुन्या गाण्यात आहे आणि 'वुर्म'चं मूळ हाउच्या आधीच्या बँडमध्ये. म्हणजे तीन घरचं सामान! ते एका छताखाली आणताना त्यांनी जी मेहनत घेतली तिच्यामुळे नऊ मिनिटांचं गाणं एका श्वासात गायल्यासारखं वाटतं. 'वुर्म'मध्ये तर तीनच कॉर्ड पुन्हा पुन्हा येतात, बाकी सगळं बसवण्यात आहे. 'क्लोज टू द एज'च्या वेळी लंडनच्या ॲडव्हिजन स्टुडिओत ध्वनिमुद्रक एडी ऑफर्डबरोबर ते तुकड्यातुकड्यानं वाजवायचे, टेप कापून जोडायचे, परत वाजवायचे. ब्रुफर्डला ते इतकं थकवणारं झालं की अल्बम पुरा करून तो 'किंग क्रिमसन' या दुसऱ्या बँडमध्ये निघून गेला. त्रास होताच, पण त्या त्रासातून काय निघालं ते तुमच्या कानांना माहीत आहे.

'हेवन अँड अर्थ' वेगळ्या रीतीनं झाला. गायक जॉन डेव्हिसन २०१२ मध्ये बँडमध्ये आला. त्याचा जन्म १९७१ चा, म्हणजे बँडची स्थापना झाल्यानंतरचा. तो एकेका सदस्याच्या घरी जाऊन त्याच्याबरोबर गाणी लिहीत गेला. श्रेयनामावलीत हे स्पष्ट दिसतं: 'स्टेप बियाँड' हाउबरोबर, 'टू असेंड' ड्रमवादक ॲलन व्हाइटबरोबर, 'इन अ वर्ल्ड ऑफ अवर ओन' स्क्वायरबरोबर, 'सबवे वॉल्स' कीबोर्डवादक जेफ डाउन्सबरोबर. 'लाइट ऑफ द एजेस' एकट्या डेव्हिसनचं, 'इट वॉज ऑल वी न्यू' एकट्या हाउचं. जोडीनं गाणी लिहिणं वाईट अजिबात नाही. पण जोडीनं लिहिलेल्या गाण्याला नंतर तिसरा आणि चौथा माणूस भेटावा लागतो, त्याला 'हे कडवं काढ, इथे माझं काहीतरी घाल' असं म्हणायला वेळ मिळावा लागतो. जानेवारी ते मार्च २०१४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रण, मग वसंतात युरोपचा दौरा, जुलै-ऑगस्टमध्ये अमेरिकेचा. त्या अमेरिका दौऱ्यात ते 'फ्रॅजाइल' आणि 'क्लोज टू द एज' हे दोन अल्बम अख्खे वाजवत होते. एवढ्या धावपळीत नवी गाणी बसवायला उसंत कुठून मिळणार?

स्टुडिओत हे कसं घडतं ते मी जवळून पाहिलंय. काही वर्षांपूर्वी एक बँड माझ्याकडे आला, चांगले वाजवणारे लोक. नोकऱ्यांमुळे एकत्र सराव करता येत नव्हता, म्हणून गाणी फोनवर पाठवून पाठवून तयार केलेली. पहिल्या दिवशी गायकानं गिटार घेऊन हळू आवाजात एक चाल म्हटली, त्याच्या त्या लयीवर आम्ही क्लिक, म्हणजे तालाची टिकटिक, लावला आणि ड्रम मुद्रित केले. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं की गाणं ओढल्यासारखं वाटतंय. पण तोवर ड्रमवर बास चढला होता, बासवर कीबोर्ड. लय बदलायची तर सगळं पुसावं लागणार, आणि दिवस उरले होते दोन. मग सगळे करतात तेच आम्ही केलं: आवाजांचे थर वाढवले, वर तार वाद्यांचा लेप दिला, गाणं 'भव्य' केलं. ते भव्य झालं, जिवंत झालं नाही. त्या अल्बमवर माझं नाव आहे आणि आजही तो लावला की मला पहिल्या दिवसाची सकाळ आठवते. तेव्हाच थांबून 'दोन दिवस नुसते वाजवा, मुद्रित काही करायचं नाही' असं म्हणायला हवं होतं.

म्हणून 'हेवन अँड अर्थ'चं खापर एका माणसाच्या डोक्यावर फोडायला मी तयार नाही. लोक निर्मात्याकडे, रॉय थॉमस बेकरकडे बोट दाखवतात. हा 'क्वीन'च्या 'बोहेमियन रॅप्सडी'चा निर्माता. 'येस'शी त्याची गाठ १९७९ मध्ये पॅरिसमध्येही पडली होती. ते काम अर्धवटच राहिलं, व्हाइटचा घोटा मोडला, अँडरसन आणि वेकमन बाहेर पडले. बेकरची मातब्बरी आवाजांचे थर उभे करण्यात. या अल्बममध्ये गायनाचे थर खरोखर देखणे आहेत, आणि त्यात बिली शेरवुडचाही वाटा मोठा, कारण साथीचे आवाज आणि अंतिम मिक्स त्यानं सांभाळलं. पण कळस कितीही सुबक असला तरी पाया गाणं बसवतानाच भरावा लागतो. काही लोक डेव्हिसनला दोष देतात, की तो अँडरसनची नक्कल करतो. त्याचा आवाज त्या जातीचा आहे, यात त्याचा काय अपराध? सुरांत तो चोख आहे.

आणि वय? हाही आक्षेप ऐकू येतो: साठी उलटलेल्या माणसांकडून आणखी काय अपेक्षा करायची? याला पुरावाच देतो. ऑगस्ट २०१४ मध्ये ॲरिझोनातल्या मेसा आर्ट्स सेंटरमध्ये याच पाच जणांनी वाजवलेले 'क्लोज टू द एज' आणि 'फ्रॅजाइल' पुढच्या वर्षी 'लाइक इट इज' या नावानं प्रसिद्ध झाले. लय मूळपेक्षा थोडी खाली आहे, व्हाइटचे हात पूर्वीसारखे सैरभैर धावत नाहीत. तरी संगीत उभं राहतं, कारण ते चाळीस वर्षांपूर्वीच पक्कं बसलेलं आहे. हात थोडे मंदावले तरी इमारत हलत नाही. तीच माणसं, तेच वर्ष, आणि फरक एवढा. वयाच्या मुद्द्यावर मला याहून जास्त बोलायची गरज वाटत नाही.

उलट टोकाचं उदाहरणही याच बँडच्या घरात आहे. १९९१ च्या 'युनियन'वर आठ सदस्यांची नावं आहेत, पण दोन वेगळ्या बँडचं काम एकत्र चिकटवलेलं आणि वर बाहेरच्या वादकांचे हात फिरवलेले. वेकमन त्याला 'अनियन' म्हणतो, म्हणजे कांदा, कारण ऐकून डोळ्यांत पाणी येतं. तिथे हात फार झाले, इथे कमी पडले. दोन्हीकडे एका खोलीत बसून गाणं बसवणं राहून गेलं. मला विचाराल तर 'हेवन अँड अर्थ' निदान प्रामाणिक आहे. त्यात कुणी कुणाचं वाजवणं पुसून टाकलेलं नाही आणि बाजाराकडे डोळा ठेवून काही केलेलं नाही. या माणसांना एकमेकांबद्दल माया आहे हे ऐकू येतं. म्हणूनच तो अपुरा राहिल्याची हळहळ जास्त वाटते.

आता जे चांगलं आहे त्याकडे येतो, कारण अल्बम बाजूला टाका असं मी म्हणणार नाही. 'लाइट ऑफ द एजेस'मध्ये हाउची स्टील गिटार सुरुवातीला जी हवा निर्माण करते ती जुन्या 'येस'ची आहे. 'इन अ वर्ल्ड ऑफ अवर ओन'चा डुलता ठेका या बँडकडून सहसा ऐकायला मिळत नाही आणि त्यावर स्क्वायरचा बास मजेत चालतो. पण खरं गाणं शेवटचं, 'सबवे वॉल्स', नऊ मिनिटांचं. डाउन्सच्या कीबोर्डवर वाद्यवृंदासारखी सुरुवात होते, मग बास आणि ड्रम पुढे येतात, आणि मधल्या वाद्यभागात मात्रांची चाल सरळ चाराची राहत नाही. तिथे ऑर्गन आणि गिटार आळीपाळीनं बोलतात आणि खाली स्क्वायर, आपल्या रिकनबॅकर बासच्या त्या करकरीत आवाजात, गाणं पुढे रेटत नेतो. इथे वाद्यं वाट पाहत नाहीत, एकमेकांना ढकलतात. बाकीची सात गाणी अशी बसली असती तर काय अल्बम झाला असता, हे त्या चार-पाच मिनिटांत कळतं.

साथीच्या आवाजांकडेही कान द्या. स्क्वायर लहानपणी लंडनमध्ये चर्चच्या वृंदात गायचा. अँडरसनच्या आवाजाखाली त्याचा आवाज असायचा म्हणून 'येस'चं गायन 'येस'सारखं वाटायचं. डेव्हिसनच्या खालीही तो तसाच आहे, भरदार आणि शांत. १९६९ च्या पहिल्या अल्बमपासून तोवर 'येस'च्या नावानं निघालेल्या प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर असलेला हा एकमेव माणूस, आणि इथे तो शेवटचा ऐकू येतो. २०२१ च्या 'द क्वेस्ट'वर त्याच्या जागी शेरवुड आहे.

तर थोडक्यात: अख्ख्या अल्बमला आणखी वेळ देऊ नका, चार वेळा पुरे झालं. 'सबवे वॉल्स' आणि 'लाइट ऑफ द एजेस' ठेवा. १९७२ नंतर थेट २०१४ ऐकण्याऐवजी मध्ये २०११ चा 'फ्लाय फ्रॉम हिअर' ऐका, शक्यतो २०१८ ची 'रिटर्न ट्रिप' ही आवृत्ती, जिच्यात निर्माता ट्रेव्हर हॉर्न स्वतः गातो. त्यातल्या चोवीस मिनिटांच्या मालिकेची बीजं १९८० ची आहेत आणि हॉर्न सहजासहजी समाधान मानणारा निर्माता नाही. उतारवयातही हा बँड गाणं कसं बसवू शकतो, ते तिथे ऐकायला मिळेल.

आणि स्क्वायरसाठी म्हणून तुम्ही हा अल्बम घेतला होतात, तर एक संध्याकाळ त्याच्यासाठी काढा. चांगला हेडफोन लावा. आधी १९७१ च्या 'फ्रॅजाइल'मधला 'द फिश' हा छोटा तुकडा ऐका. त्यातले सूर त्यानं बासचेच थर लावून उभे केलेत. तो संपला की लगेच 'सबवे वॉल्स' लावा आणि सुरुवातीपासून फक्त खालचं वाद्य धरा. ४३ वर्षांचं अंतर आहे दोन्हींमध्ये. हात तोच आहे, पहिल्याच आघाताला ओळखू येईल.